डावा मागचा

मोईजभाईचं दुकान कादराबादेत,
खाली मोटार रिवाइंडिंग, वर हे आवाजाचं.
जिना इतका अरुंद की
मोठे टॉवर वर चढवताना
खिडकी काढावी लागली होती म्हणे.
मी म्हटलं, माझ्या खोलीला खिडकी एकच आहे,
ती राहू द्या. लहान दाखवा.

खोली दहा बाय बारा.
टीव्ही शिवकन्येनं पहिल्या पगारातून पाठवलेला,
अ‍ॅम्प्लिफायर अंबडच्या बंद पडलेल्या व्हिडिओ हॉलातला.
पुढचे दोन आहेत, मधला आहे,
मागचे दोन नाहीत.
खिशात अडीच हजार, वायरीसकट.

त्यानं तीन जोड्या मांडल्या काउंटरवर.
एक चकचकीत, टिचकी मारली तर डबा वाजला.
एक देखणी, पण किंमत ऐकून
तिची जाळी मीच परत लावली.
तिसरी विटेएवढी, चार इंची पडदा,
लाकूड खरं नाही पण हाताला जड.
'जडच घ्या काका,' मोईजभाई म्हणाला,
'धडामधुडूम पुढचे करतेत.
मागच्यानं फक्त असायचं.'

मग त्यानं एक हेलिकॉप्टर लावलं.
ते उजवीकडून उठलं, डोक्यावर आलं
आणि तिथंच विरून गेलं.
तेवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये
लाल सळई माझ्या डाव्या हाताला धावायची,
त्या बाजूचा कान तिच्याच मागं गेला.
'गेलं का डावीकडं?' त्यानं विचारलं.
गेलं.
त्यानं माझ्याकडं बघितलं, एक वायर उपटली,
पुन्हा उडवलं.
'आता?'
मी म्हटलं, आता पण गेलं.

तो हसला नाही.
मीच विचारलं, एकच देता का, अर्ध्या पैशात?
'चप्पल एकेक विकतेत का कुठं?'
बावीसशेतले शंभर सोडले,
आणि वायर मोजताना
हात मीटरभर पुढं सरकू दिला.

घरी निराळाच घोळ.
पलंग भिंतीला टेकलेला.
मागून आवाज यायला
मागं काहीतरी असावं लागतं.
उजवा बसला कडेला, कानाच्या जरा वर,
दोन खिळे, एक पट्टी.
डावीकडं भिंतच नाही, स्वैपाकघराचं दार.
ती जास्तीची वायर उंबऱ्यावरून आत गेली
आणि डावा मागचा
ज्वारीच्या कोठीवर चढून बसला.
कुशावर्ता म्हणाली,
ह्याला पीठ लागलं तर मला बोलायचं नाही.

रात्री पिक्चर लावला.
मी पलंगावर, ती परातीशी.
माझ्यासमोर माणसं भांडली, कोर्टात गेली,
जमिनीचा कागद फाडला, रडली.
भाकरी थापल्याचं मला ऐकू येत नाही,
तव्याच्या वासावरून कळतं
कितवी चालू आहे.

जेवायला बसलो तर म्हणते,
'तो पोचला का घरी?'
कोण?
'पाचोळ्यातून चालला होता एकटाच.
मधे थांबला.
कुणीतरी विहिरीत बादली सोडली.
लांब पोरं खेळत होती.
मग एक दार वाजलं दोनदा,
कुणी उघडलं नाही.'

मी म्हटलं, असा कुणीच नव्हता ह्या पिक्चरमध्ये.
'होता की,' ती म्हणाली,
'कोठीपाशी होता.'

भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली,
आपलं ताट उचललं,
उजव्या बाजूला येऊन बसली
आणि त्याचं
पहिल्यापासून सांगायला लागली.