हलकं काम

हजेरीचं पुस्तक माझ्याकडे;
अक्षर बरं म्हणून.
तुळाजी खानवलकर, वय चौऱ्याहत्तर.
शिक्षेत लिहिलंय : सश्रम.

झटक्यानंतर डावा हात
रिकाम्या बाहीसारखा लोंबतो.
डॉक्टर म्हणाले, "हल्का काम दो."
म्हणजे मसूर निवडणं.
डोळ्यांत मोतीबिंदू,
म्हणून उजवा हात ताटभर फिरतो,
लाइट गेल्यावर काडेपेटी शोधावी तसा.

मंगळवारी डॉक्टर पुन्हा आले :
"इनका नाम काट दो."
मी पेनाचं टोपण काढलं.
म्हातारा म्हणाला, नको रे.
काम नाही तर माफीचे दिवस नाहीत.
लेक दौलतगंजात राहते,
इथून रिक्षानं वीस मिनिटं.
कागदावर अजून चार वर्षं.
तेवढी कुठून आणू?

नाव राहिलं.

संध्याकाळी मुकादम वाट्या बघतो,
कुणी किती खडे काढले.
त्यांच्या वाटीत तीन,
त्यातली एक मसूरच.
माझ्यातले नऊ मी गुपचूप ओतले.
पुस्तकात : बारा. काम पूर्ण.

काल वरणभात खाताना
ते मध्येच थांबले. दाताखाली कच्.
तळहातावर काढला, चाचपला,
ग्वाल्हेरच्या टेकडीचा एवढासा लाल कण,
आणि माझ्याकडे सरकवत म्हणाले,
हा लिही.
हा मी काढला.