पट्टी

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, माझ्या खोलीत ती आली
तेव्हा तिच्या उजव्या हाताची तीन नखं
पिंगपाँगच्या चेंडूची होती,
कात्रीनं कापून सुपरग्लूनं चिकटवलेली.
"माझी स्वतःची केव्हाच झिजली," बेरिल ऑर्मरॉड म्हणाली,
"प्रेस्टनच्या आसपास कुठंतरी."

मी हेडफोन चढवले. ऐकू आलं की बटण दाबायचं.
खालचे आवाज तिनं सगळे टिपले,
मधले बरेचसे,
आणि वरच्यांना मात्र
काचेपलीकडे हात मांडीवर घेऊन बसून राहिली,
बसची वाट बघत असावी तशी.
ती बस मी केव्हाच सोडली होती.

आलेख दाखवला. सरळ डोंगरउतार.
"हा तर माझा कापो," ती म्हणाली,
आणि गिटारच्या मानेवरल्या त्या चिमट्याची हकिगत
मला उभ्या उभ्या सांगितली:
एकाहत्तर साली पाचव्या पडद्यावर,
पोरगा झाला तेव्हा चौथ्या,
खाणवाल्यांच्या संपात, सूपच्या रांगेपुढे
हातमोज्यांची बोटं कापून वाजवलं, तेव्हा दुसऱ्या.
लेनर्ड गेला त्या वर्षी चिमटा काढला
आणि मोज्यांच्या खणात टाकला.
आता ताराच अख्खा सूर उतरवून लावते.
"अजून ढिल्या केल्या
तर कपडे वाळत घालता येतील."

आमच्याकडे याला पट्टी म्हणतात, मी म्हटलं.
माझ्या आत्याची काळी चार होती, मग काळी दोन,
मग ती मागे बसून नुसती मान हलवायची.
हे इंग्रजीत सांगता येईना,
म्हणून टेबलावर बोटानं पेटी काढून दाखवली.
तिनं त्या नसलेल्या पेटीची काळी चार
एकदा दाबून पाहिली.

चोपन्न वर्षं. चार व्हॅन.
एकच तबकडी, तिच्यावर आडनाव चुकलेलं,
पाचशेतल्या एकशे नव्वद अजून पलंगाखाली.
स्कन्थॉर्पला एकदा मानधन म्हणून कोबी.
"चांगला होता," ती म्हणाली. "तीन दिवस पुरला."

आणि जाता जाता, कोट चढवताना, आईचं.
आई कापडगिरणीत मागावर.
तिशीतच कान गेले, तिथं सगळ्यांचेच जायचे,
सगळ्या बाया एकमेकींचे ओठ वाचत.
घरी बेरिल गायची
आणि आई बटाटे सोलणं थांबवून
तिच्या तोंडाकडे बघत राहायची.
शब्द खाल्ला की चमचा उगारायची.
"सुराबद्दल कधी काही बोलली नाही."

दोन आठवड्यांनी यंत्रं बसवली, कातडीच्या रंगाची.
कुणाच्या कातडीच्या, कोण जाणे,
तिच्याही नाही, माझ्याही नाही.

गुरुवारी टॉडमॉर्डनला गेलो,
पबच्या वरच्या मजल्यावर, एकोणीस माणसं,
रॅफलच्या तिकिटांना एक पौंड, बक्षीस जॅमची बाटली.
ती उभी राहिली,
दोन्ही कानांतली माझी यंत्रं काढली,
गिटारच्या पेटीत, जुन्या तारांच्या पुडक्याशेजारी ठेवली
आणि सुरू केलं.

आवाज? आवाज आता राखेतल्या निखाऱ्याएवढा.
पण शब्द, एकूण एक शब्द,
धुऊन, पुसून, मांडून ठेवलेला;
पूर आलेला, पूल गेलेला, पलीकडे दिवा घेऊन उभा कुणीतरी.
मला इतकी वर्षं या देशात
इतकं स्वच्छ काही समजलं नव्हतं.

मग ध्रुवपद आलं. सगळे गाऊ लागले
आणि ती वाजवता वाजवता थांबून बघू लागली
एकेकाच्या ओठांकडे,
कुठवर आलोत ते वाचत,
खिडकीपासून दारापर्यंत.

मला ध्रुवपद येत नव्हतं.
मी आपले ओठ हलवत होतो, लग्नात मंगलाष्टकांना हलवतो तसे.
नजर माझ्यापाशी आली, थांबली.
हात तारांवर गुंतलेले,
म्हणून तिनं
भुवई उगारली.