डबल बेल

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, पावणेचार किलोचा.
तेव्हापासून पाचवडच्या स्पीडब्रेकरची मला धास्ती.
शिंक आली की आधी पाय जुळवते,
मग तोंडाला रुमाल.
सहा वर्षं झाली, बॅगेत तिकीट रोलांच्या खाली
घडी घातलेली जादा सलवार.
डेपोत सांगणार कुणाला? झांजुर्णे ड्रायव्हरला?

पोवई नाक्याच्या दवाखान्यात नायकवडी बाई म्हणाल्या,
"चारचौघांत वारा अडवतेस ना, तसं आत ओढ, वर.
पोट नको, मांड्या नकोत, श्वास तर कोंडायचाच नाही.
पाच मोज. मग सोड. पूर्ण सोड."

सोडणंच जमेना.
धरून ठेवायची तर जन्माची सवय.

मग लिंब फाट्यावर एकदा हात दोरीवर असताना उमगलं:
सिंगल बेल, थांब.
डबल बेल, जाऊ दे.
तिथून आनेवाडीपर्यंत सुट्टे मोजता मोजता दहा वेळा.
"काय गं पुटपुटतीस?" पुढच्या सीटवरची म्हातारी.
"हिशोब," म्हटलं.

तीन महिने हिशोब.

काल उडतऱ्याला एक जण कोंबडा घेऊन चढला.
"ह्याचं तिकीट कशाला? त्यो उभाच हाय की!"
अख्खी गाडी हसली, मीही,
दांडीला धरून, पाय फाकलेले तसेच,
आणि हसता हसताच पाचवडचा ब्रेकर मागं गेला.

झांजुर्णेंनी आरशात पाहिलं.
"काय बाई, आज?"
मी दोरी ओढली. दोनदा.

सलवार आहे अजून बॅगेत.
असू दे थोडे दिवस.