रोज तेवढीच

डाव्या मनगटावर तहसीनचं, उसनं.
उजव्यावर दुकानदाराचं, सात दिवसांच्या बोलीवर,
काचेवरचा प्लॅस्टिकचा कागद तसाच ठेवून.
परभणीत पहाटे सव्वापाचला
कृषी विद्यापीठाच्या फाटकातून मी आत शिरते
दोन हातांना दोन अंतरं बांधून.

कडुनिंबाच्या रांगेखाली डावं चाचपडतं.
घरी येऊन नकाशा उघडला तर
मी रस्ता सोडून तुरीच्या वाफ्यांत घुसलेली,
पुढे कुणाच्या तरी विहिरीतून सरळ पार,
अंगाला थेंब न लागता.
पाच किलोमीटर तेरा मीटर, डावं ठासून सांगतं.
उजवं म्हणतं, चार किलोमीटर नऊशे.
मधले एकशे तेरा मीटर
कोण धावलं?

नाडीचंही तसंच.
पायांचा ठेका ऐकून डावं तेच ठोके समजतं,
एकशे अठ्ठ्याहत्तर.
मी थांबून स्वतःच्या मानेवर दोन बोटं ठेवते,
वॉर्डात परक्या माणसांच्या मनगटावर ठेवते तशी.
एकशे बावन्न.
उजवं पंचावन्न म्हणतं. तेवढं माफ.

रात्रपाळीनंतर मात्र दोघांचं एकमत:
झोप अपुरी, आज विश्रांती घ्या.
याला चौदा हजार कशाला?
आई फुकट सांगते.

दादा ओट्यावर बसून ऐकत होते.
भूमिअभिलेखात चौतीस वर्षं साखळी ओढली त्यांनी,
जिंतूर, सेलू, पाथरी.
बांधाच्या दोन बाजूंना दोन सख्खे भाऊ,
एकाच्या हातात कुऱ्हाड,
आणि मधून दादा, खाली मान घालून, कड्या मोजत.
"तेहतीस फूट, सोळा आणे," ते म्हणाले.
मग बोटांच्या पेरांवर बराच वेळ काहीतरी.
"तुझे पाच किलोमीटर म्हंजे
चारशे सत्त्याण्णव साखळ्या, वर दीड आणा."

तुमची साखळी बरोबर असायची का, मी विचारलं.

"कुठली बरोबर?
वैशाखात उन्हानं वाढायची.
कड्या झिजायच्या, चिखल धरायच्या.
सकाळी हापिसापुढच्या फरशीवर दोन खुणा होत्या,
तिथं लावून बघायची,
किती चुकती ते लिहायचं, मग शिवारात जायचं.
चुकती साखळी चालती, बाई.
रोज तेवढीच चुकली पायजे."

रविवारी दादा पोलादी टेप घेऊन स्टेडियमवर आले.
वाकून, गुडघा धरत, आधी पट्टा मोजला.
मग मी दहा फेऱ्या मारल्या.
डावं: चारशे सात, तीनशे एकोणनव्वद, चारशे पंधरा,
मनाला येईल ते.
उजवं: तीनशे ब्याण्णव.
तीनशे ब्याण्णव.
दहाव्या फेरीला, जीभ बाहेर आली तेव्हाही,
तीनशे ब्याण्णव.

दुकानदार म्हणाला, मॅडम, त्यापेक्षा हे बघा,
यात नकाशा आहे, गाणी आहेत, समुद्राची भरती-ओहोटी आहे.
परभणीत.
मी त्याच्यासमोरच उजव्याच्या काचेवरचा कागद सोलला.

आता दादांच्या जुन्या मोजणी वहीत
उरलेल्या पानांवर माझी नोंद असते.
तारीख, अंतर, दुरुस्ती: शंभराला दोन अधिक.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
काल मी धावले नाही.
कारण विचारलं, मी रात्रपाळी सांगितली.
त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं
आणि सावकाश लिहिलं:
कंटाळा.