पुरवणी मागण्या

भांडी बाजारात, पितळेच्या दुकानावर,
पंधरा पायऱ्या चढून गेलं की पक्षाचं कार्यालय.
तेरावी पायरी हलते.
आमदार झालेली माणसंही तिच्यावर पाय देत नाहीत;
एवढं अजून त्यांना आठवतं.

सत्तेचाळीस वर्षं मी इथे कीर्द लिहितो.
खळीसाठी मैदा, दोन किलो.
सतरंज्यांचं भाडं. सुतळी. रॉकेल.
एकदा अडीच रुपये जुळेनात,
तर रंगनाथअण्णांनी रात्री दोनपर्यंत बसवलं,
आणि सापडले तेव्हा म्हणाले,
"क्षेमकल्याणी, उद्या राज्य हाती आलं
तर ते या वहीसारखं चालवायचं."
मी मान डोलावली.
तेव्हा आम्ही नगरपालिकेच्या चार जागा लढवून
तीन ठिकाणी अनामत घालवली होती.

डिसेंबरात सुधन्वाने पास पाठवला.
सुधन्वा बोरस्ते, आमचा आमदार,
याच सतरंज्यांवर रांगलेला.
"काका, या नागपूरला. आपलं सरकार बघा."

प्रेक्षक गॅलरीत पेन काढून घेतात.
पायावर पाय टाकायचा नाही,
टाळी नाही, हुंकार नाही.
बघायचं.

पुरवणी मागण्या आल्या.
आकडा एवढा लांब
की माझ्या रकान्यात मावला नसता,
शून्यं समासात उतरली असती.
विरोधात होतो तेव्हा
याच मागण्यांवर सभात्याग केला होता आम्ही.
'ऋण काढून सण' हा फलक मीच रंगवला,
'ण' बिघडला म्हणून दोनदा.

चर्चा सहा मिनिटं. घड्याळ लावून पाहिली.
गटनेते मोबाईलमधून मान वर न काढता
दोन बोटं हलवत होते,
पंगतीत वाढप्याला
पुढे हो, पुढे हो, म्हणावं तशी.
अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे,
असं अध्यक्ष म्हणाले.

होय.

त्या एवढ्या मोठ्या होयमध्ये
सुधन्वाचा होय मला वेगळा ऐकू आला.
आवाज बापाचाच.
बाप बोलण्याआधी खाकरायचा.
हा खाकरला नाही.

रात्री आमदार निवासात म्हणाला,
"काका, पक्षादेश होता.
मोडला तर आमदारकी जाते.
आणि सांगायचं कुणाला?
बैठकीत ते बोलतात, आम्ही जेवतो."
त्याच्या वाटीतला गुलाबजाम तसाच होता.

रागावणार होतो.
शब्द जिभेवर आलेही होते,
तेवढ्यात एकोणनव्वद सालचं पान आठवलं:
'चहा-फराळ, अकरा हजार.'
तेव्हाच्या अकरा हजारांत
अख्खी पंचवटी चहा प्यायली असती
आणि उरलेल्यात रामकुंड भरलं असतं.
अण्णा म्हणाले, लिही.
मी लिहिलं.
अक्षर त्या दिवशी जरा जास्तच सुबक आलं.

मग मी सुधन्वाला एवढंच म्हणालो,
"शाल घे, गार आहे."

आज कार्यालय उघडलं.
खाली कुणीतरी पातेल्याचा पोचा काढतंय,
आतून लाकडी ठोकळा धरून, टक्‌ टक्‌.
वर भिंतीवर नव्या नेतृत्वाचा फोटो आलाय,
अण्णांच्या फोटोहून दीड वीत मोठा.
खिळा तोच.
अण्णा कपाटावर, पाठ टेकून, गठ्ठ्यांत.
ऑफिसातला नवा पोरगा म्हणतो,
"काका, वही कशाला? ॲप आहे ना आता."

मी वही उघडली. तारीख घातली.
जमेच्या बाजूला काही सुचेना.
नावे: एक होय. नागपूर.
पावती नाही.

फरक किती, ते शोधायला बसलोय.
दोन वाजेपर्यंत बसायची
तशी सवय आहे.