शिक्का

पट्टी धुतली तेव्हा रक्तासोबत
शिक्काही गेला.
आर्मस पुल्किनेन कचेरीत गेला,
दाराशी बूट आपटून.
शिक्क्याविना हे नुसतं फडकं, कारकून म्हणाला,
शाई गोठलीय. सोमवारी या.

आज शुक्रवार.
साल्लाच्या रानात, बर्फात
पांढरी पट्टी दिसतच नाही,
दिसतो लाल क्रूस,
दंडाएवढ्या उंचीवरून एकटाच चालत येणारा.
झाडीतल्या बंदुकीला
तो चारशे पावलांवरून दिसतो.
शिक्का असला काय, नसला काय.

तंबूत पलीकडचा एक पोरगा, पोटात गोळी.
आर्मस त्याच्या ओठांना ओला बोळा लावतो.
भाषा कळत नाही.
पोरगा क्रूसाकडे पाहतो,
एक डोळा मिटतो, नेम धरल्यासारखा,
आणि तर्जनी पुढे करून
कितीतरी वेळ
ती वाकवत नाही.