शाया दोन

ओतार सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं:
शाया दोन, बाटल्या तीन.
खडू ठेवला, आणि जिन्यात
सिगारेट ओढायला गेले.

बाटल्या नाझिब्रोलाच्या.
कुताइसीच्या बाजारात, चीजवाल्यांच्या रांगेच्या टोकाला तिचा ओटा.
आंबट आलुबुखाराची त्केमाली विकते:
मे महिन्यातली हिरवी, दात आंबवणारी,
जुलैतली पिवळी,
आणि ऑगस्ट संपताना लाल, तिच्यात लसूण जास्त.
आजवर सोड्याच्या जुन्या बाटल्या,
बुचाखाली वर्तमानपत्राची घडी,
आणि गिऱ्हाईक तोंडओळखीचं.
आता मुलगी म्हणते, बाटूमीच्या दुकानांत ठेवू.
तिथे नाव नसलेलं काही घेत नाहीत.

जुंबेरच्या छापखान्यातलं यंत्र दोनच रंग जाणतं.
तिसरा हवा तर कागद पुन्हा आत, पैसे पुन्हा बाहेर.
पैशाचं नाव काढलं की
नाझिब्रोला कोथिंबीर निवडू लागते.

मी हिरवा घेतला आणि लाल.
मग पिवळीचं काय?
लाल-पिवळा घेतला, तर हिरवी रुसली.
हिरव्यावर लाल चढवून पाहिला:
बुटाच्या तळाला लागतो तसला रंग.
लाल ठिपक्यांनी पातळ केला, तीस टक्के, दहा टक्के;
गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे साबण.
रात्री दोन वाजता लाशा म्हणाला,
काळा आणि सोनेरी कर, महाग दिसेल.
तो चॉकलेटचा डबा करत होता.
चॉकलेटला काय, काहीही शोभतं.

आमच्या लिपीत मोठी अक्षरंही नाहीत.
ओरडायचं तरी कशानं?
सगळी गोल, एकाच उंचीची, शेजारी शेजारी बसलेली,
लग्नातल्या पाहुण्यांसारखी.

सहाव्या दिवशी नमुना घेऊन ओट्यावर गेले.
नाझिब्रोलानं चष्मा शोधला नाही.
लेबल बाटलीला गुंडाळलं, लांब धरलं, जवळ धरलं.
"नाव छान आहे," म्हणाली. "पण माझी त्केमाली कुठाय?"
आतच आहे की, मी म्हटलं.
"आत आहे ते मला माहीत. बाटूमीला कसं कळणार?"
आणि ओल्या अंगठ्यानं
लेबलाच्या पोटात घुसून
कागद टराटरा फाडला.

फाटलेल्या जागी हिरवं होतं.
माझ्या एकाही शाईत नसलेलं,
बडीशेपेच्या काड्या अडकलेलं हिरवं.

मी काही बोलले नाही. वहीत एक फळ काढलं
आणि ते कापून टाकलं.

मग शाया उरल्या दोन, आणि पुरल्या:
काळी नावाला,
हिरवी देठाच्या पानाला. पान तिन्ही फळांना चालतं.
फळ म्हणजे भोक.

भोकाचा साचा चाळीस लारी, जुंबेर म्हणाला.
नाझिब्रोलानं कोथिंबिरीची जुडी उचलली.
मी समोरच्या रेझो चांभाराकडे गेले, पट्ट्याला भोकं पाडायचा
त्याचा सगळ्यात जाड पंच मागितला.
तीनशे लेबलं, एक हातोडी, ओट्याखाली बसून.
कागदाच्या चकत्या चीजवाल्यांच्या पाण्यात तरंगत गेल्या.
अंगठा दोनदा ठेचला. एका लेबलावर
तिसरा रंग आलाच होता, तो बाजूला काढला.

ओतार सरांनी बाटली खिडकीशी धरली.
"पान अर्धा मिलिमीटर सरकलंय."
बाकी काहीच नाही.
बूच उघडून मात्र पाव बुडवला, तो लाल बाटलीत,
आणि दुसऱ्यांदा बुडवला.

परवा घरी एक बाटली संपली.
धुऊन ओट्यावर पालथी घातली, तर फळ उलटं लटकलेलं,
आणि चक्क निळं.
पाठीमागे आईची किटली होती.
मी किटली हलवली, पुन्हा तिथेच ठेवली.